बॅकअप ‘झाला’ म्हणतात, पण डिस्कमध्ये आहे काय? एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा बॅकअप फसला तर काय तपासायचं

ग्वाल्हेर : दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे फौजेचा तळ दिला. त्या तळाचं पुढे लष्कर नावाचं शहर झालं आणि महाराज बाड्याच्या आसपास बाजार वसले. टोपी बाजार त्यातलाच एक. नाव टोप्यांचं राहिलं, पण दुकानाचा कारभार मात्र आता गल्ल्याशेजारच्या कॉम्प्युटरवर चालतो. लाल कापडात बांधलेल्या वह्यांच्या जागी टॅली आलं, आणि त्या हिशेबाची राखण करायला तळहाताएवढी काळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आली. बहुतेक दुकानांत ती वायरीला कायमची लटकलेली असते. मालक म्हणतो बॅकअप रोज होतो, पोरगा म्हणतो आपोआप होतो. मग एक दिवस कॉम्प्युटर चालू होत नाही, डिस्क उघडली जाते आणि शेवटची फाइल निघते मागच्या दिवाळीची.

बेळगाव असो, बुऱ्हाणपूर असो, इंदूर असो की ग्वाल्हेर, ही कथा सगळीकडे सारखीच. बॅकअप बंद पडला तरी धंदा थांबत नाही, बिलं निघत राहतात, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. मोठमोठ्यांचंही हेच होतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, पण वेळेला एकही नीट कामाला आली नाही. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे फसत होता आणि तो फसल्याच्या सूचनेचे ईमेल पोहोचतच नव्हते. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकी सगळं वाचलं.

कायदा काय म्हणतो

राज्य कोणतंही असो, जीएसटीचा नियम एकच. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळावे लागतात. म्हणजे २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचं होतं, तर त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवायच्या. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्तही. नियम ५७ सांगतो की हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर त्याचा योग्य बॅकअप असला पाहिजे, आणि अपघाताने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत त्या परत मिळवता आल्या पाहिजेत. ‘हार्ड डिस्क बिघडली साहेब’ हे उत्तर तिथे चालत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर अट आणखी कडक आहे. कंपनी हिशेब नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला. तेव्हापासून हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि तोही रोज ठेवावा लागतो. अशांना गल्ल्याखालची डिस्क एकटी पुरत नाही.

आधी बघा, बॅकअप नक्की जातो कुठे

अर्धे घोटाळे इथेच सुटतात. विंडोज ११ मध्ये ‘विंडोज बॅकअप’ नावाचं ॲप समोरच दिसतं, पण ते एक्स्टर्नल डिस्कवर काहीच ठेवत नाही. ते सगळं वनड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवर पाठवतं, आणि तिथे फुकट जागा फक्त ५ जीबी. डिस्कवर बॅकअप घेणाऱ्या सोयी वेगळ्या आहेत : ‘फाइल हिस्टरी’, आणि कंट्रोल पॅनलमध्ये आत दडलेलं ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’. नावात ७ असलं तरी ते १० आणि ११ मध्येही चालतं.

यातल्या दुसऱ्याची ठरलेली मूळ वेळ रविवार संध्याकाळी ७ ची आहे. कुणी बदलली नसेल आणि रविवारी दुकान बंद असेल, तर बॅकअप कधी होणार? लॅपटॉपवाल्यांना आणखी एक अडचण येते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये आपण एखादं काम वेळेवर लावलं, तर मूळ सेटिंगप्रमाणे ते लॅपटॉप बॅटरीवर असताना सुरूच होत नाही. लाइट गेलेली असताना बॅकअपची वेळ आली की तो वार चुकतो. ती खूण ‘कंडिशन्स’मध्ये जाऊन काढता येते.

फाइल हिस्टरीचं एक वैगुण्य लक्षात ठेवावं. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतील आणि फाइल प्रत्यक्ष कॉम्प्युटरवर उतरलेली नसेल, तर ती बॅकअपमध्ये येत नाही. समोर फाइल दिसते, म्हणून माणूस निर्धास्त असतो.

डिस्क जोडली, पण सापडत नाही

सगळ्यात साधं कारण म्हणजे ड्राइव्हचं अक्षर बदलणं. बॅकअप लावला तेव्हा डिस्क ‘एफ’ होती. मग एके दिवशी कुणीतरी पेन ड्राइव्ह आधी लावला, तो ‘एफ’ झाला आणि डिस्क ‘जी’ झाली. टॅली किंवा साधी कॉपीची फाइल ‘एफ’वरच पाठवत राहते, तिथे काही नसतं, काम फसतं. कधी त्याहून वाईट होतं, बॅकअप गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर उतरतो. उपाय पाच मिनिटांचा : स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडायचं आणि डिस्कला ‘झेड’सारखं शेवटचं अक्षर कायमचं देऊन टाकायचं. त्या अक्षरावर सहसा दुसरं काही येऊन बसत नाही.

डिस्क दिसते, मधेच जाते, परत येते, असं असेल तर आधी वायर बदला. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअर वीज मिळते, यूएसबी ३ मधून ९००. छोट्या एक्स्टर्नल डिस्कला स्वतःचा अडॅप्टर नसतो, ती याच विजेवर फिरते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, त्यावर हब, हबला प्रिंटर, बारकोड स्कॅनर आणि डिस्क अशी वरात जोडली की डिस्क उपाशी राहते. मागच्या पोर्टला, थेट आणि आखूड वायरीने लावून बघावी. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद केलं तर मोठा बॅकअप चालू असताना पोर्ट झोपी जाण्याची भीती उरत नाही.

कोडचे शेवटचे आकडे

बॅकअप फसला की विंडोज एक लांबलचक कोड दाखवतं आणि माणूस खिडकी बंद करून मोकळा होतो. तसं करू नये, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बहुतेक वेळा शेवटची चार अक्षरंच कामाची असतात. शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली आहे, अँटिव्हायरस किंवा युजरचे अधिकार तपासावेत. ००७० म्हणजे जागा संपली. ००७९ म्हणजे डिस्ककडून वेळेत उत्तर आलं नाही, इथे वायर, पोर्ट किंवा हबचा संशय घ्यावा. ०४५डी म्हणजे लिहिण्या-वाचण्यातच अडथळा, वायर बदलून बघायची आणि तरीही तोच कोड आला तर डिस्कच शंकास्पद. ००१७ दिसला तर डिस्कवरचा मजकूर नीट वाचला जात नाही. हा कोड हलक्यात घेऊ नये.

फसवा कोड ०११९ चा. तो सांगतो जागा कमी आहे, आणि एक्स्टर्नल डिस्क तर अर्धी रिकामी दिसते. बऱ्याचदा जागा कमी पडलेली असते ती कॉम्प्युटरच्या आतल्या छोट्या ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’ भागात. ५०० एमबीपेक्षा लहान भागात निदान ५० एमबी आणि त्याहून मोठ्या भागात ३२० एमबी मोकळे लागतात. हे दुरुस्त करताना पार्टिशनला हात लागतो, तेव्हा जाणकाराकडूनच करून घ्यावं.

जागेचाच आणखी एक घोळ आहे. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पण निम्म्याहून कमी किमतीत दहा-वीस टीबी म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या डिस्क मात्र बहुधा नकलीच. त्यात लहानसं मेमरी कार्ड असतं, ते भरलं की जुनं पुसून नवं लिहितं आणि फाइलींची नावं तेवढी दिसत राहतात. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून, परत वाचून खरी जागा सांगतं. नव्या डिस्कवर पहिल्याच दिवशी, त्यात काही ठेवायच्या आधी, चालवावं.

लहान फाइली जातात आणि एक मोठी फाइल अडते, तेव्हा डिस्कचं फॉरमॅट बघावं. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, डिस्क कितीही रिकामी असो. विंडोजसाठी एनटीएफएस घ्यावं. मात्र फॉरमॅट बदलताना आतलं सगळं जातं, आधी दुसरीकडे काढून ठेवावं लागतं.

मराठी नावांच्या फाइली

इथे एक खास आपली अडचण आहे. विंडोजमधले बरेच जुने प्रोग्राम फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांपर्यंतच ओळखतात. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘ग्वाल्हेर’ आपण तीन अक्षरांत वाचतो, कॉम्प्युटर नऊ मोजतो. फोल्डरात फोल्डर, त्यात ‘आजोबांच्या मोडी कागदपत्रांची स्कॅन केलेली प्रत’ असं नाव, आणि बॅकअपने आपल्यातर्फे पत्त्यात आणखी भर घातली की मर्यादा ओलांडते. तेवढीच फाइल गुपचूप वगळली जाते. लष्करातल्या जुन्या मराठी घरांतून सनदा, कुलवृत्तान्त, पत्रिका स्कॅन करून ठेवलेल्या असतील तर ही नावं आखूड करावीत.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील तर फॉन्टही बॅकअपमध्ये घ्यावा. नाहीतर फाइल सुखरूप परत येते आणि उघडल्यावर रोमन अक्षरांचा भुसा दिसतो.

डिस्कच आजारी असेल तर

टक्-टक् असा ठरावीक आवाज, एक फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं, कॉपी करताना वेग शून्यावर : ही डिस्क मरायला टेकल्याची लक्षणं. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं, तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर नवी डिस्क आणायची. कुणी लगेच ‘चेकडिस्क’ चालवायला सांगेल. जिच्यात एकमेव प्रत आहे अशा आजारी डिस्कवर तो प्रयोग करू नये, तासन्‌तास फिरवण्यात ती पुरती बसते. आधी जेवढं निघेल तेवढं काढून घ्यावं.

‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी पाटी आली तर ‘कॅन्सल’. घाईत दाबलेल्या ‘ओके’ने जेवढं नुकसान होतं तेवढं डिस्क पडल्यानेही होत नसेल. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतला हिशेब नाही.

टॅलीवाल्यांसाठी

टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ मिळतो. त्याऐवजी बरेच जण डेटाचा फोल्डरच उचलून डिस्कवर टाकतात. तेही चालतं, पण टॅली सगळ्या कॉम्प्युटरांवर बंद असताना. चालू टॅलीतून घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते आणि ते उघडेपर्यंत कळत नाही. टॅली ईआरपी ९ अजून वापरत असाल तर त्याच फोल्डरात घेतलेला नवा बॅकअप जुन्यावर बसतो. आज डेटा बिघडलेला असेल तर बिघडलेलाच चांगल्यावर चढला. म्हणून वाराप्रमाणे फोल्डर करावेत : सोमवार, मंगळवार, असे.

महिन्यातून एकदा बॅकअप परत आणून बघावा. इथे एक मोठी चूक होते. ‘रिस्टोअर’ करताना जागा बदलली नाही तर जुना बॅकअप चालू हिशेबावर चढतो आणि तपासणीतच महिन्याचं काम जातं. वेगळा रिकामा फोल्डर करावा, तिथे रिस्टोअर करावं, मग शेवटचं बिल आणि बँकेची बाकी चालू हिशेबाशी ताडून बघावी. जुळलं तर बॅकअप खरा.

डिस्क वायरीला लटकवून ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याने कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावलं होतं. बॅकअप झाला, ‘सेफली रिमूव्ह’ केलं, डिस्क काढली. बिटलॉकरचा पासवर्ड लावला असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवावी, त्याच कॉम्प्युटरमध्ये नव्हे.

डिस्क दोन असाव्यात, आणि एक दुकानाबाहेर. टोपी बाजारातल्या जुन्या लोकांना हे पटवावं लागत नाही. बाड्यावरच्या व्हिक्टोरिया मार्केटला २०१० मध्ये आग लागली तेव्हा आतली दुकानं मालासकट, हिशेबासकट गेली. आज त्या वास्तूत भूविज्ञान संग्रहालय आहे. दोन डिस्कवर ‘१’ आणि ‘२’ अशा चिठ्ठ्या चिकटवायच्या, शनिवारी रात्री कुलूप लावताना दुकानातली घरी न्यायची आणि सोमवारी घरची आणायची. कोणती कधी गेली ते गल्ल्यातल्या वहीत, हाताने लिहायचं.