अर्धे तिकीट

नाना गेल्यानंतर पीपलरावांचे घर रिकामे करताना एका ट्रंकेत त्यांच्या खिशातल्या वह्यांचा गठ्ठा सापडला. दरवर्षी एक वही, लाल दोऱ्याने शिवलेली. तिसऱ्या इयत्तेच्या मास्तराचे वळणदार अक्षर, आणि आत जमाखर्चाखेरीज काही नाही. मे १९७७ च्या पानावर पहिली ओळ अशी आहे : 'पूर्ण २, अर्धी २.' तिच्याखाली 'हमाल - नाही. चहा २ (मुलांस बशीत).' इतिहासाचा विद्यार्थी असल्याने ताम्रपट आणि शिलालेख मी कुतूहलाने पाहिले आहेत, पण एवढ्या तीन ओळींत इतका ऐवज मला क्वचितच सापडला.

पीपलरावां हे देवास जिल्ह्यातले, सोनकच्छच्या बाजूचे लहानसे गाव. तिथे मराठी बोलणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मालव्यातली आमच्यासारखी घरे मराठी फौजांच्या मागून आली. अठराव्या शतकात बाजीरावांच्या वेळी पवार बंधू तुकोजी आणि जिवाजी देवासला स्थिरावले, आणि त्यांच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या आश्रयाने कारकून, भिक्षुक, मास्तर असा लवाजमा पसरत गेला. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य प्रदेश झाला. पण मुली दिल्या-घेतल्या जात त्या नर्मदा आणि तापी ओलांडूनच. माझ्या आईचे माहेर रावेरकडचे. म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत लेकुरवाळ्या बाईने दोन नद्यांच्या प्रदेशातून प्रवास करायचा, आणि तो मास्तराच्या पगारात बसवायचा, हा आमच्या घरचा वार्षिक प्रश्न होता.

हा प्रश्न जुनाच आहे, पण इतिहासाने त्याची नोंद फारशी ठेवलेली नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली. उत्तम ग्रंथ, पण त्यात बायकामुले मागे घरी आहेत. आपली प्रवासवर्णने बहुतेक सड्या पुरुषांनी लिहिलेली. कडेवर एक आणि बोटाला एक धरून चालणारी बाई लिहायला बसणार कधी?

मुलेबाळे घेऊन जायचेच असेल तर जुन्या काळी मोठी सोबत शोधत. चोरांचे भय आणि राखणीचा खर्च, दोन्ही त्याने वाचे. याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे पानिपतची मोहीम. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ पतदूरहून निघाले तेव्हा फौजेच्या आसऱ्याने उत्तरेची तीर्थे घडतील म्हणून हजारो यात्रेकरू आणि कुटुंबे बरोबर निघाली. ही फौज आमच्याच वाटेने, बऱ्हाणपुरावरून आणि हंडियाला नर्मदा उतरून गेली. भाऊंना तो भार नको होता, पण तो सुटला नाही. १४ जानेवारी १७६१ ला काय झाले ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. दाणापाण्याअभावी फौज उपाशी राहिली याची कारणे सांगताना मी वर्गात नेहमी या बिनलढाऊ माणसांचा उल्लेख करतो. एखादा मुलगा विचारतो, 'सर, ते आलेच का?' मी सांगतो, 'कारण एकट्याने जाणे परवडत नव्हते.'

त्यानंतर अहिल्याबाईंनी (१७२५-१७९५) केलेले काम मला या दृष्टीने फार मोठे वाटते. आपण त्यांची देवळे आणि घाट मोजतो. पण धर्मशाळा, विहिरी, पाणपोया आणि अन्नछत्रे यांचा खरा उपयोग कोणाला? पालखीतून जाणाऱ्याला नव्हे. डोक्यावर छप्पर, विहिरीचे पाणी आणि मूठभर शिधा फुकट मिळाला की चार माणसांचे कुटुंब काशीचे स्वप्न पाहू शके. पुढे धर्मशाळांची ही रीत स्टेशनांभोवतीही रुजली. बहुतेक ठिकाणी तीन दिवसांची मुदत, चटई मिळाली तर मिळाली.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे आपण पाठ करतो, पण अर्ध्या तिकिटाची जन्मकथा कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. इंग्लंडमध्ये १८४४ साली ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने रेल्वेचा एक कायदा झाला. गरिबांसाठी रोज निदान एक गाडी मैलाला एक पेनी दराने सोडावी असे त्यात होते. आणि त्यातच तीन वर्षांखालचे मूल फुकट, तीन ते बारा वर्षांचे अर्ध्या भाड्यात, असे कलम होते. बाराव्या वर्षाची तीच वेस आपल्याकडेही अर्ध्या तिकिटाला लागली. इंदूरला रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने. (मुदत संपण्याआधी संस्थान संपले, ते असो.) त्यातून खंडवा-इंदूर ही लहान रुळांची लाईन झाली. देवासला मात्र कितीतरी वर्षे रेल्वे नव्हती. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून आलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनाही रेल्वेतून उतरून सडकेनेच देवास गाठावे लागले.

आमचा प्रवास असा : पीपलरावांहून सोनकच्छ, देवास, इंदूर बसने. तिथून खंडव्यापर्यंत छोटी गाडी. पाताळपाणीला ब्रेक तपासायला गाडी थांबे, मग घाट उतरून कालाकुंड. तिथे पानावरचा कलाकंद मिळतो. तो आम्ही इतरांच्या हातात पाहिला. खंडव्याला रात्री उतरायचे, स्टेशनजवळच्या धर्मशाळेत पथारी टाकायची आणि पहाटे मोठ्या गाडीने रावेर.

काटकसरीचे शास्त्र आईचे होते. दशम्या ती दुधात भिजवून करी. त्या दोन दिवस मऊ राहतात, आणि पाण्याचा हात नसल्याने आजीच्या सोवळ्यालाही चालत. म्हणजे पैसे आणि धर्म एकाच डब्यात. गूळपापडीच्या वड्या, सातूचे पीठ, कैरीचे लोणचे, फिरकीचा तांब्या, खिडकीबाहेर टांगलेली पाण्याची छागल. स्टेशनवर विकत घ्यायचे ते फक्त दोन कप चहा. वळकटी नाना स्वतः खांद्यावर घेत. म्हणून 'हमाल - नाही'. आज आपण मुलांना स्टेशनवर उतरताच बाटलीबंद पाणी आणि कुरकुऱ्यांची पाकिटे घेऊन देतो. त्यात वाईट काही नाही, पण एका प्रवासातला त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता त्या 'अर्धी २' कडे येतो. त्यातले एक माझे. मी सहा वर्षांचा होतो. दुसरे अक्काचे, आणि अक्काला त्या मार्चमध्ये बारा पुरी झाली होती. इंदूरला फलाटावर नाना तिला म्हणाले, 'कोणी विचारलं तर अकरा सांग हं.' त्यांनी ते तिच्याकडे न पाहता सांगितले, एवढे मला नक्की आठवते. बडवाह्याच्या पुढे टी.सी. आले. त्यांनी सहजच विचारले, 'बिटिया, कौनसी में पढ़ती हो?' अक्का म्हणाली, 'सातवीं में जाऊँगी. बारह की हो गई.' नानांनीच तिला शाळेत घातले होते आणि खरे बोलण्याबद्दल रोज तिसरीला धडा देत होते. टी.सी. भले होते, आवाज चढवला नाही; फरक आणि दंड घेऊन पावती फाडली. नाना रावेरपर्यंत बोलले नाहीत. वहीत त्याची नोंद आहे : 'दंड'. पुढे आकडा. कोणाचा, कशाबद्दल, काही नाही.

नाना कंजूष नव्हते. हे मी मुलगा म्हणून नव्हे, वह्या वाचून सांगतो. शेजारच्या विधवेच्या मुलाची फी वर्षानुवर्षे त्यांच्या खर्चात आहे. पण मास्तराच्या घरी पैसा जिथे कमी पडतो तिथे कोणाला तरी मागे राहावे लागते, आणि ते कोण, हे ठरवताना घराला फार विचार करावा लागत नाही. मे १९७८ ची ओळ : 'पूर्ण १, अर्धे १.' आई आणि मी. नानांच्या जेवणाचे पाहायला अक्का घरी राहिली. 'तिचं आता पूर्ण पडतं,' असे आईने आजोळी सांगितले तेव्हा आजी काही बोलली नाही, फक्त तिच्यासाठी काढून ठेवलेले परकराचे कापड पुन्हा पेटीत ठेवले. त्याच कार्तिकात आजी गेली. अक्काने तिला पाहिले ते १९७७ लाच.

ती लहान लाईन आता राहिली नाही. रुंदीकरणासाठी महूच्या पुढची गाडी २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्याच तुकड्यावर २०१८ पासून हौशी प्रवाशांसाठी गाडी सुरू झाली होती. अर्ध्या तिकिटाचे रूपही बदलले. २१ एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वयाच्या मुलाला आरक्षित डब्यात स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडे, अर्धे भाडे दिले तर जागा नाही. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार या एका बदलाने सात वर्षांत रेल्वेला दोन हजार आठशे कोटींच्या आसपास जादा उत्पन्न झाले. आपापल्या मुलांना मांडीवर न घेणाऱ्या आईबापांचे हे पैसे.

गेल्या मे महिन्यात अक्का नातीला घेऊन माझ्याकडे आली. नात सहा वर्षांची. जावई म्हणाले होते, 'आई, अर्धं काढू या, रात्रीची तर गाडी आहे, कुशीत झोपेल.' अक्काने पूर्ण काढायला लावले. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून गेलेली, म्हणजे तिचे स्वतःचेही पूर्णच. मी चेष्टेने म्हटले, 'नानांनी काय लिहिलं असतं वहीत?' ती म्हणाली, 'वही आहे का तुझ्याकडे? आण.'

मी १९७८ ची वही काढून दिली. चष्मा लावून ती बराच वेळ एकाच पानावर थांबली. आम्ही आजोळी असताना नाना कामासाठी देवासला गेले होते. त्या तारखेला शेवटची ओळ आहे, 'अक्कास चपला', आणि पुढचा आकडा तिच्या अर्ध्या आणि पूर्ण तिकिटातल्या फरकापेक्षा थोडा जास्तच आहे. ती ओळ मी आधी पाहिली होती, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

'लहान झाल्या होत्या मला,' अक्का म्हणाली. 'त्यांना माप माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.' आणि वही मिटून तिने मला परत दिली.