म्हादईच्या शिडांआड : बोटीवरच्या बॅटरीची गोष्ट

आपली मांडवी वरच्या अंगाला म्हादई. तेच नाव घेऊन दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी शिडाची बोट बांधली गेली. २००९ मध्ये ती नौदलात आली आणि कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने जगाला फेरी मारून २०१० मध्ये परतले. आपल्याकडे आठवण निघते ती शिडांची, वादळांची. बॅटरीची कोण काढतो?

जोशुआ स्लोकमने १८९५ ते ९८ मध्ये पहिली एकट्याची फेरी केली, तेव्हा बोटीवर वीजच नव्हती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधलेली. १९६८-६९ च्या तिच्या फेरीत बॅटरी तपासताना बोट हेलकावली आणि ॲसिड त्याच्या डोळ्यात उडालं. पुढे दिवे, रेडिओ, ऑटोपायलट सगळंच बॅटरीवर आलं. एकटा माणूस झोपतो तेव्हा सुकाणू ऑटोपायलट धरतो. बॅटरी बसली की झोप गेली.

म्हणून आधी खर्च मोजायचा, मग बॅटरी घ्यायची. दिवसाला १०० अँपिअर-तास लागत असतील, तर शिशाची बॅटरी निदान २०० ची हवी, कारण ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. लिथियमची १२५ ची पुरते. इंजिन सुरू करायची बॅटरी मात्र वेगळीच ठेवायची. तिला घरखर्चात ओढायचं नाही.

खरी गोम चार्जिंगमध्ये. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, शेवटचे २० टक्के मात्र तासन्‌तास घेतात. रोज तासभर इंजिन चालवून बंद केलं, तर ती कधीच पुरी भरत नाही आणि प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. इथे सोलर पॅनल उपयोगी; दिवसभर हळूहळू भरत राहतं. लिथियम भराभर वीज ओढते, त्यात साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. त्यामुळे नुसती बॅटरी बदलून भागत नाही, चार्जिंगची व्यवस्थाही तिच्या जोगती लागते.

घरच्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरीही अर्धवट भरून ठेवली की अशीच बसते. फरक एवढाच, की घरी वायरमनला फोन करता येतो.

आपल्यापैकी कुणाच्या घरचं माणूस गोव्याच्या बोटयार्डांत वायरिंगला होतं का? असेल तर त्यांच्या आठवणी खाली जरूर लिहा. शिडांचे फोटो पुष्कळ आहेत, या कामाची नोंद कुठे नाही.