सागरी बर्फाचे पोतवर्गीकरण

रडार प्रतिमेतील करड्या छटांची मांडणी मोजून सागरी बर्फाचे प्रकार ओळखण्याची दूरसंवेदन पद्धत. ध्रुवीय रात्र आणि ढग यांचा अडथळा होत नसल्यामुळे या कामी मुख्यतः उपग्रहांवरील सिंथेटिक ॲपर्चर रडार (‘सार’) वापरतात.

छटा व पोत : सी पट्ट्यात (तरंगलांबी सुमारे ५.६ सेंमी.) बहुवर्षीय बर्फ उजळ दिसतो, कारण उन्हाळ्यात त्यातले खारे पाणी झिरपून जाते आणि मागे उरलेले हवेचे बुडबुडे लहरी विखुरतात. प्रथमवर्षीय बर्फ (जाडी ३० सेंमी. ते २ मी.) खारट असल्याने लहरींना फारसे आत शिरू देत नाही व काळपट दिसतो. मात्र वाऱ्याने खवळलेले पाणी किंवा हिमफुलांनी झाकलेला कोवळा बर्फही उजळ भासतो. शिवाय आपाती कोन बदलला की छटाही बदलते. अशा वेळी दाबाने उठलेले कटक, भेगा, तक्त्यांच्या गोलसर कडा यांतून उमटणारा पोत हाती धरावा लागतो.

सहघटना सारणी : ठरावीक अंतरावर व दिशेने असलेल्या दोन चित्रबिंदूंच्या छटांची प्रत्येक जोडी किती वेळा येते, त्याची ही सारणी. रॉबर्ट हॅरॅलिक व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तिच्यावरून १४ मापे सुचवली. त्यांच्या चाचण्यांत वालुकाश्मांची सूक्ष्मदर्शकी छायाचित्रे होती, सागरी बर्फ नव्हता. २५६ छटा ठेवल्यास ६५,५३६ रकाने होतात आणि मोजणीसाठी घेतलेल्या प्रतिमेच्या लहान चौकटीत त्यांतले बहुतेक रिकामे राहतात. म्हणून छटा घटवतात. सर्व छटांची गरज नाही, पण ८ अपुऱ्या पडतात आणि दिशेपेक्षा अंतर महत्त्वाचे, असे सोह व त्सात्सूलिस यांनी १९९९ मध्ये दाखवले. डेव्हिड क्लॉसी यांचा भर विरोध, सहसंबंध व एंट्रॉपी या तीन मापांवर आहे. चौकटीच्या आकाराबद्दल एकमत नाही : मोठ्या चौकटीत दोन प्रकारांची सीमा पुसट होते, लहान चौकटीत ठिपकेदार गोंगाटच मोजला जातो.

अन्य पद्धती : गॅबॉर गाळण्या, मार्कोव्ह यादृच्छिक क्षेत्रे, अलीकडे संवलनी चेताजाल.

मर्यादा : वितळण्याच्या हंगामात ओले हिम बर्फावर पसरते, आतून येणारे विकिरण झाकले जाते आणि बहुवर्षीय व प्रथमवर्षीय बर्फातला फरक पुसट होतो. हिवाळ्यात बसवलेले निकष तेव्हा जसेच्या तसे लावता येत नाहीत.

उपग्रह : सीसॅट (१९७८, एल पट्टा, सुमारे १०५ दिवस कार्यरत), ईआरएस–१ (१९९१), रडारसॅट–१ (१९९५, सुमारे ५०० किमी. रुंदीचा पट्टा टिपण्याची सोय), सेंटिनेल–१ए (२०१४). भारताचा रिसॅट–१ (२०१२) सी पट्ट्यातला.