दायमाबादचा गेंडा

पोळा जवळ आला की आमच्या सेनगावच्या बाजारात मातीचे बैल मांडले जातात. येथून वऱ्हाडची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले चाके लावलेले लाकडी बैल दोरीने ओढीत मिरवतात. ते पाहताना आम्हांला नेहमी दायमाबादची आठवण होते. चाकांवर उभे राहिलेले जनावर ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत किती जुनी आहे, ह्याची साक्ष त्या गावाने दिली आहे.

दायमाबाद हे अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर आहे. प्रवरा गोदावरीला मिळते. आमची कयाधूदेखील पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा लांबचा वळसा घेऊन अखेर गोदावरीतच जाते. तेथील प्राचीन वसाहतीचा शोध बो. प. बोपर्डीकर ह्यांनी १९५८ साली लावला आणि त्याच सुमारास म. न. देशपांडे ह्यांनी पहिले उत्खनन केले. परंतु ज्या वस्तूंमुळे दायमाबादचे नाव जगभर झाले, त्या कोणा पंडिताच्या कुदळीला लागल्या नाहीत. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल नावाचे गृहस्थ झाडाच्या खोडाची मुळे खणून काढीत असता जमिनीतून काशाच्या चार मूर्ती वर आल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. गरिबाच्या हाती एवढा धातू लागला असता तो मोडीत घालण्याचा मोह कोणाला होणार नाही? तसे झाले असते तर आज आम्ही हे लिहीत नसतो. ग्रंथांतून उत्खननकर्त्यांच्या नावांना मोठा मान मिळतो. छबू भिल्लांना बहुधा एका ओळीवर समाधान मानावे लागते.

मूर्ती भरीव ओतलेल्या आहेत. हे काम मेणाच्या साच्याने होते. आधी मेणाचे जनावर घडवावयाचे, त्यावर मातीचे लेप चढवावयाचे, ते तापवून मेण वितळवून बाहेर काढावयाचे आणि उरलेल्या पोकळीत तप्त रस ओतावयाचा. गार झाल्यावर माती फोडली की मूर्ती हाती येते. साचा मात्र गेला तो गेला. हीच रीत पुढे बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सविस्तर सांगितली आहे. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा काशाचीच असते. तिचा घाट मात्र ठरलेला. जिवंत प्राण्याचा घाट मेणात उतरवावयाचा तर तो प्राणी डोळ्यांत भरलेला हवा.

म्हैस ३१ सेंटिमीटर उंच, चार भरीव चाकांच्या पाटावर उभी. रथ ४५ सेंटिमीटर लांब. त्यात उभा असलेला पुरुष १६ सेंटिमीटर उंचीचा, आणि दांडीवर चक्क एक कुत्रा! ज्याने हे ओतले त्याने गाडीबरोबर निघालेले कुत्रे पाहिलेले होते, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. म्हैस, बैल, कुत्रा ही तर दारातली जनावरे.

प्रश्न पडतो तो गेंड्याचा. तो १९ सेंटिमीटर उंच आहे. आज गेंडा पाहावयाचा तर आसाम, उत्तर बंगाल किंवा नेपाळच्या तराईकडे जावे लागते. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर मात्र तो स्पष्ट कोरलेला आहे. म्हणून शि. रं. राव, शां. अ. साळी, म. के. ढवळीकर ह्या अभ्यासकांनी ह्या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. उलट धर्मपाल अग्रवाल ह्यांनी धातूची तपासणी करून सांगितले की, त्यात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे आणि त्या काळच्या इतर वस्तूंत तसे मिश्रण आढळत नाही. तेव्हा हा काळ मान्य करणे कठीण. राव ह्यांनी १९७४-७५ मध्ये आणि साळी ह्यांनी १९७५ ते १९७९ पर्यंत तेथे खोदकाम केले, उत्तर हडप्पा वस्तीचा थरही मिळाला. पण मूर्ती कोणत्या थरातून निघाल्या हे खोदताना नोंदले गेलेले नसल्याने वाद पूर्णपणे मिटला नाही.

आमचे मत विचाराल तर आम्ही गेंड्याच्या बाजूचे. न पाहिलेल्या प्राण्याचा असा जडपणा ऐकीव माहितीवर साधत नाही. कारागीर स्वतः उत्तरेकडून आला असेल किंवा मूर्तीच तेथून आली असेल. एवढ्या वजनाची खेळणी मुलांसाठी नसणार. पूजेच्या मिरवणुकीत त्या ओढल्या जात असाव्यात, हा तर्क आम्हांला पटतो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ह्यांतील प्राणी पाहावयास मिळतात. मुलांना घेऊन गेलात तर हत्तीपाशी थोडे थांबा. त्याचा पाट शाबूत आहे. आस आणि चाके मात्र हरवली आहेत.