घरातला मालक

टेमघर असो की भिवंडीतली दुसरी कुठलीही वस्ती, शेजारून मारहाणीचा आवाज आला की लोक म्हणतात, "दिवसभर मागावर राबतो, डोकं फिरतं बिचाऱ्याचं."

पण मग हाच माणूस कारखान्यात शेठवर हात का उचलत नाही? तिथे राग बरोबर गिळता येतो ना! म्हणजे नुसता राग हे कारण नाही. दारूही नाही, ती पिऊनही बायकोला न मारणारे आहेतच. घरी आपण मालक, ही समजूत त्याच्या हातात बळ भरते.

ही समजूत एकेकाळी कोर्टानेही मानली होती. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवरा, दादाजी भिकाजी, मुंबईच्या हायकोर्टात गेला. खटला मारहाणीचा नव्हता. बायकोवर नवऱ्याचा हक्क किती, याचा होता. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल! १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

२००५ च्या कायद्याने शिवीगाळ, पैसे अडवणं यालाही हिंसा म्हटलं. पण आपण अजून सहज म्हणतो, "आमचे मालक घरी नाहीत."

तो शब्द आपल्या घरापासून सोडून बघा. आणि भिंतीपलीकडून आवाज आला, तर महिला हेल्पलाइन १८१. भेटू पुढच्या भागात!