पोटोमॅकच्या पाण्याचा तंटा

उन्हाळ्यात पाटाला पाणी सुटले की पाळीवरून भांडण ठरलेले. वरचा म्हणतो, मला पुरले नाही. शेवटचा म्हणतो, माझ्यापर्यंत आलेच नाही. पाणी किती आले आणि कुठे गेले, याचा दोघांनाही मान्य असा हिशेब मात्र नसतो. असाच एक तंटा अमेरिकेच्या राजधानीच्या दाराशी चालला होता. तो कसा मिटला, त्याची ही हकिगत.

वॉशिंग्टन शहर पोटोमॅक नदीच्या काठी आहे. त्या भागात नदीच्या एका अंगाला मेरिलँड राज्य, दुसऱ्या अंगाला व्हर्जिनिया. राजधानी आणि दोन्हीकडची उपनगरे यांना पाणी पुरविणाऱ्या मुख्य संस्था तीन. तिघींची भिस्त याच नदीवर. वस्ती वाढू लागली, तेव्हा 1963 साली लष्कराच्या इंजिनिअर खात्याने खोऱ्यात 16 मोठी धरणे सुचविली. ज्यांच्या जमिनी बुडणार, ते विरोधाला उभे राहिले. 1966 च्या दुष्काळात नदीचे पाणी फार खाली गेले. शहर म्हणे धरणे हवीत, खोरे म्हणे नकोत. शेवटी सोळांपैकी एकच मोठे धरण, ब्लूमिंग्टनचे, 1981 साली पुरे झाले.

मग सोळा धरणांचे काम एकाने कसे भागले? इथे संगणक कामास आला. 1970 नंतरच्या वर्षांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अभ्यासकांनी नदी, तलाव आणि शहरांची गरज यांचे गणित संगणकात मांडले. पाणीखात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून लुटुपुटीचा दुष्काळ पाडला आणि म्हटले, आता सोडा पाणी! जो तो आपापले पाहू लागला की टंचाई. सगळ्यांनी मिळून तलाव चालविले की पाणी पुरते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसले.

यातली युक्ती साधी आहे. ब्लूमिंग्टनचे पाणी शहरापर्यंत यायला सुमारे 9 दिवस लागतात. नऊ दिवसांनी पाऊस पडेल की नाही, कोण सांगणार? म्हणून पूर्वी भीतीपोटी पाणी जास्तच सोडावे लागले असते. त्याऐवजी शहराजवळ लिटल सेनेका हा लहान तलाव तिघींनी मिळून बांधायचे ठरविले. दूरच्या धरणातून बेताने सोडायचे आणि कमी पडेल तेवढे जवळून द्यायचे. नदीला पाणी असेल तेव्हा नदीतून उचलायचे आणि बाजूचे तलाव राखून ठेवायचे. माशांसाठी व नदीच्या जिवासाठी दिवसाला निदान 10 कोटी गॅलन पाणी वाहते राहावे, हेही हिशेबात धरले.

टंचाईत कोणाचा वाटा किती, हे 1978 च्या करारात ठरले होतेच. 1982 साली एकत्र कारभाराचे करार झाले आणि देखरेख खोऱ्याच्या आंतरराज्य आयोगाकडे आली. 1999 च्या दुष्काळात तलावांतून पहिल्यांदा पाणी सोडावे लागले, आणि व्यवस्था कसोटीला उतरली. विशेष म्हणजे दुष्काळ नसला तरी वर्षातून एकदा त्याची तालीम होते.

आता कोणी म्हणेल, यंत्राने भांडण मिटविले. तसे नाही. यंत्राने एवढेच केले, की एकच हिशेब सगळ्यांपुढे ठेवला. जो तो आपापला आकडा घेऊन बसला असता, तर तंटा कोर्टात गेला असता. मिटविला तो माणसांनीच, एका मेजाभोवती बसून. आपल्या पाटावरही पाणी मोजण्याची पट्टी असते. तिच्यावरचा आकडा वरच्याने आणि शेवटच्याने एकत्र उभे राहून वाचला, तर निम्मे भांडण तिथेच सरेल.