वाईट रस्त्याचे वतन

1955 साली सोव्हिएत सरकारशी झालेल्या करारातून ज्या वसाहतीचा जन्म झाला, जिच्या कारखान्यातील पहिली ब्लास्ट फर्नेस 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि जिच्या गल्ल्यांना थोर पुरुषांच्या नावांऐवजी बहुधा नुसते आकडेच लाभले, त्या भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये बसून फ्रान्सच्या उत्तर सरहद्दीवरील एका सायकल शर्यतीची कुळकथा सांगावयास निघणे वरकरणी अप्रस्तुत वाटेल. परंतु शिफ्ट बदलण्याच्या वेळी कारखान्याच्या गेटांतून सेंट्रल एव्हेन्यूकडे लोटणारा सायकलींचा प्रवाह ज्यांनी पूर्वी पाहिला आहे, कॅरियरला करकचून बांधलेला डबा आणि हँडलला टांगलेले हेल्मेट ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना सायकल हे मुळात कष्टकऱ्याचे वाहन आहे हे निराळे पटवून द्यावे लागत नाही. पॅरिस-रुबे ही शर्यत अशाच एका गिरण्यांच्या व खाणींच्या मुलखात जन्मली आणि तिच्या कीर्तीचे सारे भांडवल त्या मुलखातील वाईट रस्ते हेच आहे. जो रस्ता दुरुस्त करावा म्हणून अन्यत्र अर्ज गुदरले जातात, तो नादुरुस्त राहावा म्हणून जेथे संस्था स्थापन होतात, अशी ही जगातील बहुधा एकमेव शर्यत असावी.

तिचे पूर्वज फार दूरचे नाहीत. गावाहून गावाला सायकलीने जाण्याची पहिली मोठी चढाओढ 7 नोव्हेंबर 1869 रोजी पॅरिस ते रुआँ अशी झाली. अंतर 123 किलोमीटर, आणि ते साडेदहा तासांहून थोड्या अधिक वेळात कापून जेम्स मूर नावाचा इंग्रज पहिला आला. सायकल म्हणजे नेमके काय याविषयी त्या काळी इतकी अनिश्चितता होती, की स्पर्धकाने वाहनाला कुत्रा जुंपू नये व शीड उभारू नये, असे नियमांत स्पष्ट लिहावे लागले. पुढे दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल आली, 1888 मध्ये डनलॉपने हवेची धाव आणली, आणि 1891 च्या एकाच वर्षात बोर्दो-पॅरिस व पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस अशा दोन प्रचंड शर्यती झाल्या. त्यांतल्या दुसरीत बाराशे किलोमीटरांचे अंतर शार्ल तेराँ याने सुमारे एकाहत्तर तासांत तोडले. या शर्यतींमागे धावांचे कारखानदार होते, सायकलींचे कारखानदार होते, आणि सर्वांत पुढे वृत्तपत्रे होती. याचे कारण साधे आहे. रस्त्यावरची शर्यत कोणालाच सबंध दिसत नाही. दारावरून एक पळभर घोळका जातो आणि धूळ खाली बसते. मग पुढे काय झाले हे कळण्यास दुसऱ्या दिवशीचा अंक विकत घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बंदिस्त धावपट्टीच्या दारावर तिकीट लावता येते; रस्त्याला दार नसते, म्हणून त्याचे तिकीट वृत्तपत्राच्या किमतीत वसूल झाले.

रुबे हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. त्याला फ्रान्सचे मँचेस्टर म्हणत. आमच्या शेजारच्या राजनांदगावात तेथील राजांनी कापडगिरणी उभारली ती याच सुमाराची. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या रुबेच्या दोन गिरणीमालकांनी 1895 मध्ये आपल्या गावी वेलोड्रोम बांधला, म्हणजे सायकलींच्या शर्यतींसाठी उतरत्या कडांची गोल धावपट्टी. धावपट्टी झाली, बाके झाली, पण ती भरावयाची कशी हा प्रश्न राहिला, तेव्हा पॅरिसहून निघून आपल्या वेलोड्रोममध्ये संपणारी एक शर्यत काढावी अशी मसलत त्यांनी केली आणि ‘ल वेलो’ या क्रीडापत्राचे संपादक लुई मिनार यांना पत्र पाठविले. बोर्दो-पॅरिसच्या महायुद्धात उतरणाऱ्या वीरांना ही जेमतेम 280 किलोमीटरांची दौड म्हणजे पूर्वतयारीचा खेळच ठरेल, असे या व्यापारी पत्रात आर्जवाने मांडले होते. पहिल्या इनामाचे एक हजार फ्रँक गिरणीमालकांनी कबूल केले. जगातील सर्वांत निष्ठुर एकदिवसीय शर्यत एका सरावाच्या नावाखाली मंजूर करून घेतली गेली, आणि तीही ज्यांना स्वतः पायडल मारावयाचे नव्हते अशा सद्गृहस्थांकडून, हे मला व्यापारी बुद्धीच्या इतिहासातले एक रोचक प्रकरण वाटते.

मार्गाची पाहणी करण्याचे काम व्हिक्टर ब्रेये या तरुण वार्ताहराकडे आले. आमियांपर्यंत तो मोटारीतून गेला. दुसऱ्या दिवशी पुढचा मार्ग त्याने सायकलीवरून धरला. थंडी, पाऊस आणि दगडी फरसबंदी या तिघांनी मिळून त्याची अशी काही अवस्था केली, की रुबेला चिखलाने माखून पोहोचल्यावर हा बेत तत्काळ रद्द करावा अशी तार पॅरिसला ठोकण्याचा त्याचा निश्चय झाला होता, असे सांगतात. परंतु तारेच्या आधी स्नान आले, स्नानानंतर यजमानांचे ऊन भोजन आले, आणि सकाळपर्यंत त्याचे मत पालटले. सरकारी दौऱ्यांचे अहवाल ज्यांनी वाचले आहेत त्यांना या चमत्काराचे नवल वाटू नये.

ईस्टरच्या पवित्र दिवशी शर्यत घेण्याच्या कल्पनेस धर्मनिष्ठांनी हरकत घेतली. अखेर पहिली शर्यत ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी, 19 एप्रिल 1896 रोजी झाली. योझेफ फिशर नावाच्या जर्मनाने ती सव्वानऊ तासांत जिंकली. तिसरा आलेला मोरिस गारँ हा इटलीत जन्मलेला आणि लहानपणी धुराडी साफ करणारा. पुढची दोन वर्षे लागोपाठ त्याने हीच शर्यत मारली, आणि 1903 मध्ये पहिल्या ‘तूर द फ्रान्स’चा विजेताही तोच ठरला. आरंभीच्या काळात स्वारांच्या पुढे वारा अडविण्यासाठी दुसरे सायकलस्वार, काही वर्षे तर मोटारीसुद्धा धावत; 1910 पासून ही मदत सरसकट बंद झाली आणि माणूस आपल्या दोन चाकांसह एकटा उरला.

पहिल्या महायुद्धाची चार वर्षे शर्यत तहकूब होती. 1919 च्या वसंतात मार्ग कितपत शाबूत आहे हे पाहण्यास संघटक व पत्रकार उत्तरेकडे निघाले, तेव्हा प्रथम त्यांना नेहमीची गावे दिसली, आणि पुढे गावेच दिसेनात. झाडांचे काळे बुंधे, तोफगोळ्यांचे खड्डे, चिखल आणि कुजक्या वासाने जड झालेली हवा. वृत्तपत्रांनी त्या प्रदेशाला ‘उत्तरेचा नरक’ म्हटले. आज हे नाव फरसबंदीवरच्या हालांमुळे पडले असे सर्रास समजले जाते. ते मुळात खंदकांमध्ये मेलेल्यांच्या भूमीला उद्देशून होते, हे विसरणे मला थोडे अप्रतिष्ठेचे वाटते. त्या वर्षी आँरी पेलिस्ये विजयी झाला, पण त्याला सव्वाबारा तास लागले; इतकी मंद पॅरिस-रुबे आधी वा नंतर झाली नाही. शेवटच्या टप्प्यात रेल्वे फाटकात आगगाडी आडवी उभी होती, तेव्हा या गृहस्थाने सायकल उचलून डब्याच्या एका दाराने आत शिरून दुसऱ्या दाराने पलीकडे उतरण्याचा मार्ग पत्करला, अशी आठवण सांगितली जाते. आमच्याकडील फाटकांवर मालगाडी खोळंबली असताना असा मोह किती सभ्य माणसांना होतो, हे येथील प्रत्येकजण जाणतो.

1949 चा कज्जाही नोंदविण्यासारखा आहे. आंद्रे माए हा दोघा साथीदारांसह आघाडीवर वेलोड्रोमपाशी आला असता त्यांना चुकीच्या रस्त्याने पाठविण्यात आले. ते भलत्याच दाराने आत शिरले आणि माए पहिला आला. मागाहून नियत मार्गाने आलेल्या घोळक्यात प्रख्यात इटालियन स्वार फाउस्तो कॉप्पी याचा धाकटा भाऊ सेर्से पहिला होता. निकाल लागला, फिरला, पुन्हा फिरला. अपील आंतरराष्ट्रीय संघापर्यंत गेले आणि काही महिन्यांनी दोघांनाही विजेते ठरवून दप्तर बंद करण्यात आले.

परंतु या शर्यतीवर खरे संकट आले ते सुधारणेचे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये रस्त्यांवर डांबर पसरू लागले. त्यातच दूरचित्रवाणी आली, आणि आपल्या हद्दीतला ओबडधोबड दगडी रस्ता साऱ्या देशाने पाहावा ही कल्पना त्या गावांच्या महापौरांना सोसवेना. ज्या फरसबंदीवरून शर्यत जाई, तीच आधी डांबराखाली जाऊ लागली. 1964 मध्ये पीटर पोस्ट ताशी 45 किलोमीटरांहून अधिक सरासरीने रुबेला पोहोचला. हा वेगाचा उच्चांक पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. 1965 मध्ये मार्गावर अवघे 22 किलोमीटर दगड उरले होते. एरवी कोणत्याही लोकनियुक्त सभासदाने छातीवर बिरुद म्हणून मिरवावे असे हे काम; पण त्याने शर्यतीचे वतनच खालसा होऊ लागले. 1967 साली सारा निकाल घोळक्याच्या अखेरच्या धावेवर लागला, तेव्हा संघटक जाक गोदे यांनी आल्बेर बूव्हे यांस वाईट रस्ते धुंडाळण्याच्या मोहिमेवर पाठविले. बांधकाम खात्याचा माणूस ज्या वाटेकडे पाठ फिरवील, ती वाट यांना हवी होती.

अशी वाट दाखविणारा भेटला तो झाँ स्टाब्लिन्स्की. पोलिश स्थलांतरितांचा हा मुलगा पुढे 1962 चा जगज्जेता स्वार झाला, पण तरुणपणी वालेर-आरेनबेर्गच्या कोळशाच्या खाणीत त्याने काम केले होते. खाणीशेजारच्या जंगलातून सरळ रेषेत जाणारा, जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचा जुना फरसबंद रस्ता त्याने सुचविला, आणि 1968 मध्ये शर्यत प्रथमच त्यावरून गेली. ज्या रस्त्यावरून तो सायकलीने गेला त्याच्याखाली भूगर्भात कामही केलेला असा तो एकटाच मानला जातो. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतून निघणाऱ्या खनिजावर जिचा संसार चालतो, त्या वसाहतीतील वाचकाला या माणसाविषयी अधिक काही सांगण्याची जरूर नाही. आरेनबेर्गची खाण 1989 मध्ये बंद पडली, तिचे पोलादी मनोरे उभे आहेत, आणि 2012 मध्ये तो सारा खाणप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला.

हे दगड नेमके कसे असतात? आपल्याकडे जुन्या बंदराच्या किंवा ट्रामच्या रस्त्यांवर घोटून सपाट झालेले काळे दगड असत, तसे ते नाहीत. शेतीच्या अवजड गाड्यांनी दाबून रस्त्याच्या दोन्ही कडा खचलेल्या असतात, मध्ये पाठीच्या कण्यासारखा उंचवटा राहतो, आणि दगडादगडांमधील फटींत गवत व माती भरते. स्वार त्या मधल्या कण्यावरून जाण्याचा प्रयत्न करतो; तेथून घसरला तर कडेचा चिखल, आणि कोरड्या वर्षी डोळ्यांत जाणारी धूळ. हँडल घट्ट आवळले तर धक्के थेट खांद्यात चढतात, सैल सोडले तर चाक वाट सोडते. शहाणा स्वार बोटे सैल ठेवून जड गिअर फिरवीत राहतो आणि वेग कमी होऊ देत नाही, कारण वेग कमी झाला की प्रत्येक दगड स्वतंत्रपणे लागतो. धावेत हवा नेहमीपेक्षा कमी भरतात. तरीही पंक्चर, तुटलेले आरे आणि आऊट गेलेली चाके यांची मोजदाद ठेवणे व्यर्थ. बेर्नार ईनो हा थोर फ्रेंच स्वार ही शर्यत मनापासून द्वेषीत असे. 1981 मध्ये ती जिंकूनही त्याचे मत बदलले नाही.

महाराष्ट्रात या कुळीशी नाते सांगणारी शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. ती हौशी स्वारांची, आणि तिचा प्राण फरसबंदीत नसून बोरघाटात आहे: खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना जो पहिला माथ्यावर येतो त्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 10 नोव्हेंबर 1830 रोजी हा घाटरस्ता गाड्यांना खुला केला. फ्रान्समधील संकट येथे आलेच नाही, कारण डांबर कितीही उत्तम पडले तरी चढ तेवढाच राहतो. द्रुतगती महामार्ग झाला, पण तेथे सायकलीस मज्जाव असल्याने जुना घाट या शर्यतीच्या वाट्याला आपोआपच राहिला. रुबेच्या दगडांना असे निसर्गाचे अभय नाही. त्यांना दरसाल माणसांनी राखावे लागते.

ते राखणारेही आता पुष्कळ आहेत. ‘पॅरिस-रुबेचे मित्र’ या नावाची संस्था चाळीसएक वर्षांपासून हे काम करीत आहे. त्या भागातील उद्यानविद्येचे विद्यार्थी निखळलेले दगड पुन्हा बसवितात. एकेकाळी दगड झाकणारी गावेच आज त्यांचे जतन करतात. नाव पॅरिसचे असले तरी 1977 पासून शर्यत कॉम्पिएन्यहून निघते, आणि विजेत्याला चांदीचा चषक मिळत नाही, चौथऱ्यावर बसविलेला एक फरसबंदीचा दगड मिळतो. रॉजर द व्ह्लामिंक व टॉम बोनेन यांनी प्रत्येकी चार वेळा ही शर्यत जिंकली. स्त्रियांना मात्र 125 वर्षे थांबावे लागले: त्यांची पहिली पॅरिस-रुबे 2 ऑक्टोबर 2021 रोजी झाली, आणि इंग्लंडच्या लिझी डायग्ननने ती 80 किलोमीटरांहून अधिक अंतर एकटीने पुढे राहून जिंकली. हा विलंब ज्यांनी केला त्यांच्याजवळ दगडांचे कारण नव्हते.

अलीकडे आरेनबेर्गच्या वाटेवरील गवत खाण्यासाठी बकऱ्या सोडल्या जातात. 2024 मध्ये स्वारांच्या संघटनेच्या विनंतीवरून, जंगलाच्या तोंडाशी वेग कमी व्हावा म्हणून मार्गाला एक मुद्दाम वळण देण्यात आले. डच स्वार माथ्यू व्हान डर पूल याने त्या वळणाची आधीच जाहीर थट्टा केली होती. शर्यतीच्या दिवशी तोच 259.7 किलोमीटर अंतर ताशी 47.8 किलोमीटर सरासरीने कापून पहिला आला, आणि पॅरिस-रुबेच्या इतिहासात तोवर इतक्या वेगाने कोणी गेले नव्हते.